हलक्या आवाजासाठी लागणारी ताकद

माझ्या टेबलावर पत्त्यांच्या जोडाएवढी एक काळी, धातूची डबी असते. तिच्या एका अंगाला दोन जॅक, आवाजाचे गोल बटण, गेन, म्हणजे आवाज किती पटींनी वाढवायचा ते प्रमाण, बदलण्याची बारीकशी कळ आणि टाचणीच्या डोक्याएवढा दिवा आहे. दुसऱ्या अंगाला चार्जिंगची खाच आहे. हा हेडफोनसाठीचा पोर्टेबल अ‍ॅम्प्लिफायर. तो घेतला तेव्हा मला आवाज मोठा हवा होता, बाकी काही नको होते. त्यानंतरच्या वर्षांत मात्र याच डबीच्या संगतीने माझे ऐकणे हलके होत गेले. ते कसे झाले हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला आणि थोडे गणितही करावे लागले.

सुरुवात एका हेडफोनपासून झाली. पाठीला जाळी असलेला, कानांभोवती मऊ गादीने बसणारा, ३०० ओहम इम्पिडन्सचा हेडफोन मी मोठ्या हौसेने घेतला आणि थेट फोनला लावला. ऐकायला घेतले ते विलंबित ख्यालाचे एक जुने ध्वनिमुद्रण होते, मुळातच हळू आवाजात उतरवलेले. फोनचा आवाज शेवटच्या पायरीवर नेला, तरी गायक शेजारच्या खोलीत बसला आहे आणि मधले दार लोटलेले आहे, असे वाटत राहिले. तबला ऐकू येत होता, पण डग्ग्याचा घुमारा पोचत नव्हता. मी पुन्हा पुन्हा आवाज वाढवू पाहत होते आणि पडद्यावरची पट्टी तर केव्हाच भरली होती.

इम्पिडन्स म्हणजे विद्युतप्रवाहाला होणारा एकूण विरोध. तो जितका जास्त, तितका त्याच व्होल्टेजला प्रवाह कमी वाहतो आणि तितकी कमी शक्ती हेडफोनच्या पडद्यापर्यंत पोचते. फोनच्या जॅकमधून पुष्कळदा अर्धा ते एक व्होल्ट मिळतो. अर्धा व्होल्ट ३२ ओहमच्या हेडफोनला दिला, तर जवळजवळ ८ मिलिवॅट शक्ती मिळते. तोच अर्धा व्होल्ट ३०० ओहमला दिला, तर एक मिलिवॅटसुद्धा भरत नाही. अर्थात इम्पिडन्स ही अर्धीच गोष्ट झाली. दिलेल्या शक्तीतून हेडफोन किती आवाज काढतो, म्हणजे त्याची संवेदनशीलता किती, ही उरलेली अर्धी. माझा हेडफोन एका मिलिवॅटला ९७ डेसिबल आवाज देणारा होता. त्या हिशेबाने अर्ध्या व्होल्टला त्याचा कमाल आवाज सुमारे ९६ डेसिबल होतो.

९६ डेसिबल म्हणजे काही कमी नव्हे, असे कोणीही म्हणेल, आणि नेमकी इथेच गल्लत होते. हा आकडा आवाजाच्या सर्वांत उंच टोकाचा आहे. ख्यालगायनासारख्या संगीतात सरासरी आवाज या टोकापेक्षा १५ ते २० डेसिबलने खाली असतो, आणि ध्वनिमुद्रणच मुळात दबक्या पातळीवर केलेले असेल, तर आणखी दहाएक डेसिबल जातात. म्हणजे फोन आपले सर्वस्व देत असताना माझ्या कानांशी पोचणारा सरासरी आवाज ७० डेसिबलच्या आसपास किंवा त्याच्याही खाली होता, आणि ज्या सूक्ष्म गोष्टींसाठी हा हेडफोन घेतला होता त्या तर त्याहून पुष्कळ खाली. टोकाचा आवाज ११० डेसिबलपर्यंत निर्धास्तपणे जाऊ द्यायचा असेल, तर याच हेडफोनला सुमारे २० मिलिवॅट शक्ती आणि अडीच व्होल्ट लागतात. २० मिलिवॅट म्हणजे एखादा लहानसा एलईडी दिवा लागेल एवढीच शक्ती. एवढीशी उणीव भरून काढण्यासाठी वेगळी डबी बाळगावी लागते, याचे मला त्या वेळी फार आश्चर्य वाटले होते.

मागणी पुरवठ्यापेक्षा जास्त झाली की काय होते, यासाठी मराठीत फार नेमका शब्द आहे. आवाज फाटतो. अ‍ॅम्प्लिफायरला बॅटरीकडून जेवढे व्होल्ट मिळतात, त्याच्या पलीकडे तो ध्वनीची लाट चढवू शकत नाही. लाटेचा माथा तिथेच सपाट कापला जातो, आणि त्या कापलेल्या कडांमधून मुळात नसलेले स्वर निर्माण होतात. हे प्रत्येक वेळी कर्कशच लागते असे नाही. तबल्यावरच्या थापेची सुरुवात काही सहस्रांश सेकंदांत उसळून खाली येते. तेवढाच माथा कापला गेला, तर कानाला फाटल्याचे जाणवत नाही. फक्त थाप बोथट लागते, आणि आपण दोष ध्वनिमुद्रणाला देतो. मी कित्येक महिने तसा तो दिला.

माझा पहिला अ‍ॅम्प मी स्वतः जोडला होता. चू मॉय यांनी नव्वदच्या दशकाच्या अखेरीस खिशात मावणाऱ्या हेडफोन अ‍ॅम्पचा एक आराखडा सर्वांसाठी खुला केला आणि तो ‘सीमॉय’ या नावाने जगभरच्या हौशी लोकांनी पेपरमिंटच्या पत्र्याच्या डबीत बसवला. त्याला ९ व्होल्टची एक चौकोनी बॅटरी, दोन्ही कानांना पुरणारा एक ऑप-अ‍ॅम्प (लाट मोठी करणारी चिप) आणि मूठभर रेझिस्टर-कपॅसिटर पुरतात. ध्वनीची लाट शून्याच्या वरही जाते आणि खालीही. पण एकाच बॅटरीला शून्याखालची बाजू नसते. म्हणून सारख्या मूल्याचे दोन रेझिस्टर लावून ९ व्होल्टचे दोन भाग करायचे आणि मधल्या बिंदूलाच शून्य मानायचे. या युक्तीतला साधेपणा मला आजही मोहवतो. सर्किट पहिल्याच फटक्यात चालले. मग मी झाकण लावले, आणि डबी हातात गरम होऊ लागली. पत्र्याचे झाकण बॅटरीच्या दोन्ही टोकांना एकदम टेकले होते. मी झाकण झटकन ओढून काढले. आतल्या पत्र्यावर एक करडा डाग पडला होता. त्याला आतून जाड पुठ्ठा चिकटवला आणि ती डबी दोन वर्षे वापरली.

तिच्यातला खरा दोष वेगळाच होता. मूळ आराखड्यात गेन ११ पट आहे, म्हणजे जे व्होल्टेज आत येईल त्याच्या अकरापट बाहेर. माझ्या ३०० ओहमच्या हेडफोनलाही ते फार होते. बटण जरासे फिरवले की आवाज अंगावर यायचा, म्हणून ते नेहमी अगदी सुरुवातीच्या अरुंद पट्ट्यात ठेवावे लागायचे, आणि बटणामागच्या स्वस्त पोटेन्शिओमीटरची, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या भागाची, खरी परीक्षा त्याच पट्ट्यात होते. डाव्या आणि उजव्या कानासाठी आत दोन वेगळ्या पट्ट्या असतात. बटण मध्यावर असताना त्या बऱ्यापैकी जुळतात, पण अगदी तळाशी डावा कान उजव्याच्या पुढे धावतो. त्यामुळे गायक मधोमध बसण्याऐवजी डाव्या खांद्यावर सरकायचा. बटण केसभर पुढे नेले की मध्यावर यायचा, पण तोवर आवाज मला हवा त्यापेक्षा वर गेलेला असायचा. गेनचे रेझिस्टर बदलून तो तीन पटींवर आणला तेव्हा प्रश्न सुटला. बटणाला फिरायला जागा मिळाली आणि हलका आवाजही दोन्ही कानांत सारखा झाला. अ‍ॅम्प घेणाऱ्याने कमाल शक्तीचा आकडा पाहण्याआधी गेन कमी करण्याची सोय पाहावी, असे माझे ठाम मत आहे, आणि ते या अनुभवातून आले आहे.

२०११ मध्ये नाव न सांगता लिहिणाऱ्या एका अभियंत्याने ‘ऑब्जेक्टिव्ह-२’ नावाचा आराखडा असाच खुला केला. त्यात ९ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत, म्हणजे शून्याच्या वरची आणि खालची अशा दोन्ही बाजू खऱ्या. पण मला त्याहून महत्त्वाची वाटली ती त्यामागची शिस्त: आधी मोजायचे, मग बोलायचे. त्या वाचनानंतर मी ठरवले की आता माझ्याकडे असलेल्या तयार अ‍ॅम्पचीही, म्हणजे टेबलावरच्या त्या काळ्या डबीचीही, एकदा नीट परीक्षा घ्यायची.

दोन आवाजांची तुलना करायची, तर ते आधी सारख्या पातळीवर आणावे लागतात. दोहोंतला एक अगदी थोडासा मोठा असला, तरी कान त्याला ‘मोठा’ म्हणत नाही. ‘जास्त भरदार’, ‘जास्त स्वच्छ’ म्हणतो. म्हणून मी एका स्थिर सुरावर हेडफोनच्या टोकांशी मल्टिमीटर लावला, फोनचा थेट जॅक आणि अ‍ॅम्प यांचे व्होल्टेज शक्य तितके जुळवले आणि धाकट्या भावाला मागे बसवून, डोळे मिटून ऐकायला सुरुवात केली. कधी फोन, कधी अ‍ॅम्प. क्रम त्याने नाणे उडवून ठरवायचा.

“ताई, आता कोणतं आहे सांग.”

“हा अ‍ॅम्प. आवाज कसा मोकळा झालाय बघ.”

“लिहून घेतलं. पुढचं लावू?”

१६ वेळांपैकी ९ वेळा माझे उत्तर बरोबर आले. नुसते नाणे उडवूनही सरासरी ८ वेळा बरोबर येतेच. मोकळेपणा, खोली, हवा हे सारे शब्द मी त्या दिवसापर्यंत मनापासून वापरत होते, आणि जिथे फोनची ताकद पुरी पडत होती त्या पातळीवर त्यांतला एकही शब्द मला सिद्ध करता आला नाही. हा निकाल माझ्या मनाला लागला, आणि तो मी मान्य केला. चांगल्या अ‍ॅम्पने आवाजात स्वतःचे काही मिसळायचे नसते, हे मी वाचले होते. पण त्याचा अर्थ असा की जिथे त्याची गरज नाही तिथे तो ऐकूच येत नाही, हे त्या दिवशी पटले. सोपे, कमी इम्पिडन्सचे आणि जास्त संवेदनशील इअरफोन वापरणाऱ्या माणसाचा फोन ठीकठाक असेल, तर त्याने या डबीचा मोह धरू नये, असे मी आज विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

याला एक अपवाद आहे, आणि तो शक्तीशी संबंधित नाही. अ‍ॅम्पच्या बाहेर पडण्याच्या टोकालाही स्वतःचा इम्पिडन्स असतो. कानात घालायच्या ज्या इअरफोनमध्ये एकाहून अधिक ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारे भाग, असतात, त्यांचा इम्पिडन्स खर्जात एक तर तारसप्तकात दुसराच असतो. अ‍ॅम्पचा इम्पिडन्स मोठा असेल, तर व्होल्टेजची वाटणी प्रत्येक कंपनसंख्येला वेगळी होते आणि इअरफोनचा सबंध तोंडवळाच बदलतो. म्हणून अ‍ॅम्पचा इम्पिडन्स हेडफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ढोबळ नियम सांगतात. १६ ओहमच्या इअरफोनला तो २ ओहमच्या आत हवा. इथे पडणारा फरक मल्टिमीटरलाही दिसतो आणि कानालाही कळतो.

तर मग माझ्याजवळ ही डबी अजून का आहे? परीक्षेचा निकाल लागल्यावर मी ती कपाटात ठेवली होती आणि आठवडाभर थेट फोनवरच ऐकले. त्या आठवड्यात एक गोष्ट लक्षात आली. फोनवर आवाजाच्या जेमतेम १५ पायऱ्या होत्या. दबक्या ध्वनिमुद्रणाला मी सतत शेवटच्या पायरीवर उभी असे, आणि शेवटच्या पायरीवर उभे राहिलेल्या माणसाला आपल्याला किती आवाज हवा आहे हे कधी कळतच नाही. त्याला फक्त कमी पडते आहे एवढेच कळते. अ‍ॅम्पचे बटण मात्र अखंड फिरते. पुढे भरपूर वाट शिल्लक आहे हे माहीत असले, की हात आपोआप पुढे जातो, थांबतो, आणि मग थोडा मागे येतो. ते मागे येणे मला फोनवर कधीच जमले नव्हते. मोठा आवाज सहज मिळू लागल्यावर त्याची हाव गेली, असे म्हटले तरी चालेल.

दबक्या सरासरीवर ऐकतानाही टोके अबाधित राहणे, हा दुसरा भाग. आलाप चालू असतो तेव्हा अ‍ॅम्प जवळजवळ रिकामा बसलेला असतो. समेवर थाप पडते त्या क्षणी तो सरासरीच्या शंभरपट शक्ती देतो आणि पुन्हा शांत होतो. २० डेसिबलचा फरक म्हणजे शक्तीत शंभरपट. ऐकणाऱ्याला हे हिशेब दिसत नाहीत. त्याला फक्त सम आल्यासारखी वाटते.

पण हलके ऐकण्याची मला खरी गोडी लावली ती तंबोऱ्याने. जवारी नीट लागलेल्या तंबोऱ्यात घोडी आणि तार यांच्यामध्ये सरकवलेला तो सुताचा दोरा तारेला घोडीच्या उताराशी अशा बेताने टेकवतो, की एका छेडीतून उपस्वरांची सबंध रांग उठते आणि एकामागून एक उजळत खाली उतरते. मोठ्या आवाजात ही रांग नुसता झंकार होते. आवाज कमी करत गेले की आधी तो झंकार विरळ होतो, मग एकेक उपस्वर वेगळा दिसू लागतो; पंचमाची तार छेडल्यानंतर जोडाच्या तारा येईपर्यंतच्या फटीत गायकाने घेतलेला श्वास ऐकू येतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये दाखवून दिले होते की आवाज हलका झाला की कान खालचे स्वर वरच्या मानाने अधिक लवकर सोडून देतो. काळी एक या पट्टीत लावलेल्या तंबोऱ्यातला खर्ज सुमारे ६९ हर्ट्झचा, म्हणजे हलक्या आवाजात पहिला नाहीसा व्हायला हवा तो तोच. तो तसा होतही असेल. पण त्याचे उपस्वर कानापर्यंत येत राहतात आणि त्यांच्यावरून कान खर्ज स्वतःच भरून काढतो. हेडफोनच्या पडद्याने जेमतेम काढलेला तो स्वर मला स्पष्ट ऐकू येतो. हे समजल्यावर मी त्या रात्री तासभर नुसता तंबोराच ऐकत बसले होते.

इतक्या हलक्या आवाजात अ‍ॅम्पची स्वतःची शांतताही तपासली जाते. संवेदनशील इअरफोन लावले आणि गेन वरच्या खुणेवर राहिला, तर गाणे सुरू होण्याआधीच कानांत बारीक ‘सूऽऽ’ असा आवाज असतो. गेन खाली आणला की तो मावळतो. फोन आणि अ‍ॅम्प रबरबँडने एकावर एक बांधून वापरण्याच्या दिवसांत आणखी एक त्रास असे. फोन वाजण्याच्या क्षणभर आधी कानांत जोरदार घरघर उठायची. जीएसएम (टूजी) पद्धतीचा फोन सेकंदाला सुमारे २१७ वेळा तुकड्या-तुकड्यांनी लहरी सोडतो, आणि जवळची तार त्या पकडते. ऐकताना फोनचे नेटवर्क बंद ठेवण्याची सवय मला तेव्हापासून लागली, आणि तिने माझ्या ऐकण्याचे जितके भले केले तितके कोणत्याही महागड्या केबलने केले नसते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुरक्षित ऐकण्यासाठी जे मानक पुढे आणले, त्यात मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलवर आठवड्याला ४० तास ही मर्यादा धरली आहे. प्रत्येक ३ डेसिबलला हा वेळ निम्मा होतो, त्यामुळे ९० डेसिबलवर जेमतेम चार तास उरतात. अ‍ॅम्प ही मर्यादा ओलांडण्याची पुरती ताकद हातात देतो, आणि फोनसारखा इशाराही देत नाही. एकदा गेन वर असताना आणि बटण आदल्या दिवशीच्या जागीच असताना मी नाजूक इअरफोन जोडले आणि गाणे लावले. पाऊण सेकंदाचा तो आवाज. त्यानंतर संध्याकाळपर्यंत डाव्या कानात शिटी वाजत राहिली. तेव्हापासून जोडणी करण्याआधी बटण शून्यावर, आणि इअरफोन कानात घालण्याआधी गाणे सुरू, हा क्रम मी एकदाही चुकवलेला नाही.

त्या प्रसंगानंतरच मी बटणाभोवती कागदाची एक गोल पट्टी चिकटवली. तोच हेडफोन, गेन खालच्या खुणेवर, आणि तेच विलंबित ख्यालाचे ध्वनिमुद्रण. दर काही महिन्यांनी ते लावायचे, मनाला येईल तिथे बटण थांबवायचे आणि मगच पट्टीकडे पाहून पेन्सिलीने खूण करायची. पहिली खूण घड्याळात तीन वाजताना तासकाटा असतो तिथे आहे. पुढच्या खुणा दोनवर, मग बारावर, आणि नंतरच्या सगळ्या दहा आणि अकरा यांच्या मध्ये दाटीने बसल्या आहेत.

गेल्या वर्षी डबीचे मागचे झाकण किंचित फुगलेले दिसले. आतली लिथियमची बॅटरी फुगली होती. अशी बॅटरी चार्ज करायची नसते आणि टोचायची तर मुळीच नसते; मी डबी बंद करून एका जाणकार दुरुस्ती करणाऱ्याकडे नेली. त्याने पुढची पट्टी सोडवताना कागद फाटेल म्हणून आधी विचारले, आणि मी तो तिथेच बसून नखाने हळूहळू सोडवून वहीत ठेवला. नव्या बॅटरीने डबी परत आली, तेव्हा कागद जुन्या जागी तंतोतंत जुळवून चिकटवला. रात्री तेच ध्वनिमुद्रण लावले, डोळे मिटून बटण फिरवले, तंबोऱ्यातला खर्ज जागा झाला तिथे थांबले आणि पेन्सिल हातात घेतली. खूण करायला जागा नव्हती. बटण आधीच्या खुणेवरच उभे होते.